मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील टोरिक लेन्स : दोन डोळ्यांचा अनुभव

ज्यांच्या कॉर्नियात, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, दीड डायोप्टर (चष्म्याच्या नंबराचे एकक) किंवा त्याहून जास्त सिलिंडर, म्हणजे असमान वक्रतेचा दोष, आहे, ज्यांचे दृष्टिपटल निरोगी आहे आणि ज्यांना लांबचे चष्म्याशिवाय दिसावे अशी इच्छा आहे, त्यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत टोरिक लेन्ससाठी, म्हणजे हा दोष डोळ्याच्या आतच भरून काढणाऱ्या लेन्ससाठी, जादा पैसे अवश्य मोजावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. या पैशांतला महत्त्वाचा भाग माझ्या मते लेन्सच्या डबीपेक्षा तिच्या आधीच्या मोजमापाचा आणि ती नेमक्या अंशात बसवणाऱ्या हाताचा आहे, आणि म्हणून हे परीक्षण जेवढे वस्तूचे आहे तेवढेच कामाच्या पद्धतीचे आहे. माझ्या उजव्या डोळ्यात काही वर्षांपूर्वी बसवलेली साधी घडीची, म्हणजे दुमडून आत घालायची, लेन्स आहे आणि डाव्या डोळ्यात ॲल्कॉन कंपनीची ॲक्रिसॉफ आयक्यू टोरिक. दोन्ही डोळ्यांत जवळपास सारखाच दोष होता, त्यामुळे तुलना करण्याची संधी मला आयतीच मिळाली.

मी मुद्रितशोधनाचे काम करते, म्हणून डोळ्यातला दोष मला सर्वांत आधी अक्षरांत जाणवला. कॉर्निया सर्व दिशांनी सारखा गोलाकार असेल तर बाहेरचा प्रकाश आत एका बिंदूवर जुळतो. त्याची वक्रता उभ्या दिशेत एक आणि आडव्या दिशेत दुसरी असेल, तर एका दिशेच्या रेघा स्पष्ट उमटतात आणि त्यांच्याशी काटकोनात असलेल्या रेघा पसरतात. तरुणपणी बहुधा उभ्या दिशेची वक्रता जास्त असते, आणि वय वाढेल तसा तिचा कल आडव्या दिशेकडे जातो. माझा दोष या दुसऱ्या प्रकारचा होता. चष्मा काढून एसटीची पाटी पाहिली की शिरोरेखा अगदी ठळक दिसे, पण तिच्याखालचे काने आणि उभे दंड फाकलेले, दुहेरी दिसत. ‘सातारा’ या शब्दातले तीन काने मोजणे अवघड जाई. देवनागरीचे निम्मे ओझे उभ्या रेघांवर असल्यामुळे हा दोष मराठी वाचणाऱ्याला फार छळतो. मोतीबिंदूचा धूसरपणा याहून वेगळा असतो: तो सगळ्या रेघांवर सारखाच धुके पसरवतो. माझ्या डोळ्यांत दोन्ही होते, आणि साध्या लेन्सने त्यातले फक्त एक जाते.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ज्या रुग्णालयात झाली तेथील काम तांत्रिकदृष्ट्या चोख होते. फेको पद्धतीने, म्हणजे ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेत, टाका न घालता मोतीबिंदू काढला गेला, दुखले नाही, पुढे संसर्ग झाला नाही, आणि रंग पुन्हा उजळले. पण काने पसरायचे तसेच पसरत राहिले. नंतर मागवलेल्या कागदपत्रांत शस्त्रक्रियेपूर्वीचे के-रीडिंग, म्हणजे कॉर्नियाच्या दोन दिशांच्या वक्रतेचे आकडे, स्वच्छ छापलेले होते आणि त्यांच्यात दोन डायोप्टरहून जास्त अंतर होते. लेन्सचा नंबर काढण्यासाठी हे आकडे लागतातच. ते घेतल्याशिवाय मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरवता येत नाही. तरीही टोरिक नावाची लेन्स असते, हे त्या संपूर्ण काळात कोणीही सांगितले नाही. पैशांअभावी रुग्णाने ती नाकारणे समजू शकते, परंतु आकडा समोर असताना तिचा उल्लेखच न होणे मला आजही पटत नाही.

येथे एक बारकावा आहे, आणि तो न समजल्यामुळे अनेकांची गफलत होते. चष्म्याच्या कागदावर लिहिलेला सिलिंडर हा कॉर्निया आणि डोळ्यातले नैसर्गिक भिंग या दोघांच्या दोषांची गोळाबेरीज असतो. मोतीबिंदू म्हणजे गढूळ झालेले नैसर्गिक भिंग, आणि शस्त्रक्रियेत ते निघून गेल्यावर त्याच्या वाट्याचा दोषही जातो. उरतो तो फक्त कॉर्नियाचा. त्यामुळे चष्म्यात दोनचा सिलिंडर असलेल्या एखाद्याला टोरिक लेन्सची गरजच नसू शकते, आणि चष्म्यात जेमतेम अर्धा नंबर असलेल्या दुसऱ्याच्या कॉर्नियात दीडचा दोष दडलेला असू शकतो, कारण त्याच्या भिंगाचा उलटा दोष इतकी वर्षे तो झाकत आलेला असतो. चष्म्याचा नंबर सांगून ‘मला टोरिक लागेल का’ असे विचारणाऱ्याला प्रामाणिक उत्तर एवढेच देता येते, की आधी के-रीडिंग पाहावे लागेल. हा दोष दुर्मिळही नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या डोळ्यांपैकी साधारण एक तृतीयांश डोळ्यांच्या कॉर्नियात एक डायोप्टर किंवा त्याहून अधिक सिलिंडर आढळतो.

डाव्या डोळ्यासाठी मी पुण्यातील दुसऱ्या रुग्णालयात गेले. तेथे पहिल्या भेटीत मोजमाप झाले, पण डॉक्टरांनी ते ग्राह्य धरले नाही. डोळे कोरडे असल्यामुळे अश्रूंचा थर एकसारखा नव्हता, आणि यंत्र कॉर्नियाची वक्रता त्याच थरावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाने मोजते. काही आठवडे कृत्रिम अश्रूंचे थेंब घालून मला पुन्हा बोलावण्यात आले. दुसऱ्या वेळी आलेल्या आकड्यांत सिलिंडरचा अक्ष, म्हणजे त्याची अंशांत मोजलेली दिशा, आधीपेक्षा बराच सरकलेला होता. त्या दिवशी मला या रुग्णालयाबद्दल खरा विश्वास वाटला. पहिल्याच आकड्यांवर लेन्स मागवली असती तर चांगली लेन्स चुकीच्या कोनात बसली असती, आणि दोष लेन्सच्या माथी आला असता. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनाही याच कारणासाठी मोजमापापूर्वी काही काळ त्या बंद ठेवायला सांगतात, आणि डोळ्यात वेल (कॉर्नियावर चढणारी मांसल वाढ) वाढलेली असेल तर आधी ती काढून कॉर्निया स्थिर होऊ देणे योग्य समजले जाते.

मोजमाप दोन वेगळ्या यंत्रांवर झाले. आयओएलमास्टर ७०० या यंत्राने डोळ्याची लांबी आणि वक्रता घेतली, पेन्टाकॅमने कॉर्नियाचा संपूर्ण नकाशा काढला. नकाशा कशासाठी, हे डॉक्टरांनी पडद्यावर दाखवून समजावले. टोरिक लेन्स केवळ नियमित दोषावर काम करते, म्हणजे जेथे तीव्र (जास्त वक्रतेची) आणि सपाट (कमी वक्रतेची) दिशा परस्परांशी काटकोनात असतात. केराटोकोनससारख्या, कॉर्निया शंकूसारखा फुगवणाऱ्या आजारात किंवा जुन्या जखमेच्या व्रणामुळे कॉर्निया वेडावाकडा झाला असेल तर तिचा उपयोग मर्यादित राहतो, आणि ही गोष्ट नुसत्या के-रीडिंगवरून नेहमी कळत नाही. नकाशाचा दुसरा उपयोग कॉर्नियाच्या मागच्या पृष्ठभागासाठी होतो. पूर्वीची गणिते फक्त पुढचा पृष्ठभाग धरून चालत. अमेरिकेतील बेलर वैद्यकीय महाविद्यालयाचे डग्लस कोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले, की मागच्या पृष्ठभागाचाही सरासरी ०.३ डायोप्टर इतका वाटा असतो आणि तो बहुतेक डोळ्यांत एकाच दिशेचा असतो. तो न धरल्यामुळे उभी वक्रता जास्त असलेल्यांना गरजेपेक्षा जास्त नंबर दिला जाई, आणि माझ्यासारख्या आडव्या वक्रतेच्या रुग्णांना कमी पडे. आता ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम बॅरेट यांचे टोरिक गणनयंत्र हा हिशेब आपोआप करते. ते संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे, त्यामुळे खर्चाच्या कारणाने ते टाळण्याची गरज कोणत्याही लहान दवाखान्याला नाही.

आता लेन्सविषयी. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची सुरुवात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये केली, परंतु सिलिंडर घालवणारे भिंग यायला आणखी चार दशके लागली. जपानमधील किमिया शिमिझू यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बसवलेल्या पहिल्या टोरिक लेन्स कडक प्लास्टिकच्या होत्या. त्यांच्यासाठी साडेपाच मिलिमीटरहून मोठा छेद घ्यावा लागे, आणि अशा छेदाने कॉर्नियाचा आकार स्वतःच बदलतो. पुढे स्टार कंपनीची सिलिकॉनची घडी होणारी टोरिक लेन्स आली, तिला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली, पण डोळ्यात फिरण्याची खोड अशा लेन्सना होती. ॲक्रिसॉफ टोरिकला २००५ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा तिच्या किंचित चिकट ॲक्रिलिकमुळे ही अडचण पुष्कळच कमी झाली, कारण नैसर्गिक भिंग ज्या पारदर्शक पिशवीत असते तिच्या भिंतीला ते धरून राहते. माझ्या डोळ्यातली लेन्स याच घराण्यातली आहे: मधले भिंग सहा मिलिमीटरचे, दोन्ही बाजूंच्या हातांसह एकूण लांबी तेरा मिलिमीटर, आणि दोन मिलिमीटरहून थोड्याच मोठ्या छेदातून गुंडाळून आत जाणारी. काठाजवळ दोन्ही बाजूंना तीन-तीन बारीक ठिपके असतात. हे ठिपके कॉर्नियाच्या तीव्र दिशेशी जुळवायचे असतात. नंबर टी३, टी४, टी५ अशा पायऱ्यांनी वाढत टी९ पर्यंत जातात. येथेही एक गोष्ट लक्षात ठेवावी: डबीवरचा आकडा लेन्सच्या जागेचा असतो आणि कॉर्नियाच्या हिशेबाने तो सुमारे दोन तृतीयांश भरतो. माझ्या टी५ लेन्सवर तीन डायोप्टर लिहिलेले आहेत, प्रत्यक्षात त्याने कॉर्नियाचा साधारण दोन डायोप्टरचा दोष भरून निघतो. हे माहीत नसेल तर रुग्णाला आपल्याला जास्त नंबरची लेन्स घातली असे वाटून उगाच घोर लागतो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी सर्वांत बारकाईने पाहिले ते खुणा करण्याचे काम. माणूस आडवा झाला की डोळा आपल्या खोबणीत काही अंशांनी फिरतो, म्हणून अक्षाच्या खुणा रुग्ण ताठ बसलेला असताना, मान सरळ ठेवून कराव्या लागतात. माझ्या डोळ्यावर निर्जंतुक शाईच्या खुणा केल्या गेल्या, आणि त्याशिवाय बसल्या स्थितीत घेतलेल्या छायाचित्रातील डोळ्याच्या रक्तवाहिन्यांवरून अक्ष दाखवणारी संगणकीय व्यवस्था सूक्ष्मदर्शकाला जोडलेली होती. झाइसची कॅलिस्टो आणि ॲल्कॉनची व्हेरिऑन या अशा व्यवस्था आहेत. त्या असल्या तर उत्तमच, पण नसल्या म्हणून काम बिघडते असेही नाही. काळजीपूर्वक केलेल्या शाईच्या खुणेवर अनेक शल्यविशारद उत्तम निकाल देतात. खूण जाड झाली किंवा पुसट झाली तर मात्र चूक तेथूनच सुरू होते. लेन्स एका अंशाने चुकली की सिलिंडरच्या सुधारणेपैकी सुमारे ३.३ टक्के वाया जातात. दहा अंश चुकली तर एक तृतीयांश परिणाम गेला, आणि तीस अंश चुकली तर सगळाच गेला. उरलेला दोष पूर्वीइतकाच राहतो, फक्त दिशा बदलते. त्यापुढे तर लेन्स दोष वाढवू लागते. साध्या लेन्सला ही भीती नसते, कारण ती चाकासारखी कितीही फिरली तरी तिच्या कामात फरक पडत नाही. टोरिक लेन्ससाठी जादा पैसे घेणाऱ्याने ही जबाबदारीही पूर्ण घ्यायला हवी, असे म्हणण्यामागे माझे कारण हेच आहे.

शस्त्रक्रिया भूल देणारे थेंब घालून झाली. लेन्स आत उलगडल्यावर ती प्रथम हव्या त्या अक्षाच्या थोडी अलीकडे थांबवतात, तिच्या मागे अडकलेला जेलसारखा पदार्थ पूर्ण धुऊन काढतात आणि मग शेवटचा हलका फिरवा देऊन ठिपके खुणेशी जुळवतात. जेल मागे राहिले तर लेन्स घसरण्याची शक्यता वाढते. ती फिरायची असेल तर बहुधा पहिल्या काही तासांतच फिरते, आणि मोठ्या मायनस नंबरच्या लांब डोळ्यांत हा धोका जास्त असतो. दुसऱ्या दिवशी बाहुली मोठी करून डॉक्टरांनी लेन्सचा अक्ष तपासला आणि केसपेपरवर अंशांत लिहिला. नियोजित अक्षापासून फरक दोन अंशांचा होता. ही तपासणी प्रत्येक टोरिक रुग्णाने मागून घ्यावी, कारण लेन्स लक्षणीय फिरली असेल तर साधारण पहिल्या एक-दोन आठवड्यांत ती पुन्हा जागेवर फिरवणे सोपे असते. पुढे पिशवी लेन्सभोवती आवळली जाते आणि तेच काम जोखमीचे होते.

निकाल असा, की डाव्या डोळ्याने मी चष्म्याशिवाय तक्त्यावरची ६/६ ची ओळ वाचते आणि शिल्लक सिलिंडर पाव ते अर्ध्या डायोप्टरच्या आत आहे. पाटीवरचे काने आता एकेरी दिसतात. रात्री समोरच्या गाड्यांच्या दिव्यांच्या आडव्या पसरट रेघा त्या डोळ्याला दिसत नाहीत. उजवा डोळा उघडला की दिसतात. मला सर्वांत उपयोगी पडलेला बदल मात्र वाचनाच्या चष्म्याचा आहे. सिलिंडर राहिलेल्या डोळ्याला दुकानात मिळणारा तयार चष्मा चालत नाही, प्रत्येक वेळी नंबर काढून काच घासून घ्यावी लागते. टोरिक लेन्सच्या डोळ्याला साधा अडीचचा चष्मा पुरतो, आणि मुद्रितांवरचा अनुस्वार शाईच्या डागापासून वेगळा ओळखू येतो.

यावरून मर्यादाही स्पष्ट व्हावी. ही लेन्स एकाच अंतरासाठी असते. लांबचे दिसण्यासाठी ती बसवली तर वाचनासाठी चष्मा लागणारच, आणि याबद्दल आधी कल्पना न दिल्यास रुग्णाला फसवल्यासारखे वाटते. चौकशीसाठी गेलेल्या आणखी एका ठिकाणी समुपदेशक महिलेने माझे आकडे पाहण्याआधीच दरपत्रक पुढे ठेवले आणि सर्वांत महाग अशी मल्टिफोकल टोरिक लेन्स सुचवली. मल्टिफोकल लेन्समध्ये प्रकाश जवळच्या आणि लांबच्या प्रतिमांत विभागला जातो, त्यामुळे दिव्यांभोवती वलये दिसू शकतात आणि फिकट छपाई वाचताना ठळकपणा कमी पडू शकतो. दिवसभर कागदावर नजर ठेवणाऱ्या माणसाने तो निर्णय पुष्कळ विचार करून घ्यावा. टोरिकपणा आणि मल्टिफोकलपणा या दोन वेगळ्या सोयी आहेत आणि एकीसाठी दुसरी घेण्याची सक्ती नसते, एवढे समुपदेशनात आधी सांगितले गेले पाहिजे. ॲक्रिसॉफच्या पदार्थाबद्दल एक जुनी तक्रार अशी, की कालांतराने त्यात सूक्ष्म चमकणारे कण दिसू लागतात. त्याने दृष्टी सहसा बिघडत नाही, परंतु कंपनीच्या नंतरच्या क्लॅरिऑन मालिकेत हा प्रकार फारच कमी आहे, त्यामुळे निवड असेल तर मी आज क्लॅरिऑन टोरिक मागितली असती.

खर्चाचे बोलायचे तर टोरिकचे पॅकेज साध्या घडीच्या लेन्सपेक्षा बरेच महाग पडते, आणि फरक शहर, रुग्णालय आणि कंपनीनुसार बदलतो. अनेक आरोग्य विमा पॉलिसींत मोतीबिंदूसाठी सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ असतो आणि एका डोळ्यामागे ठरावीक रकमेची मर्यादा असते, त्यामुळे टोरिकचा जादा भार बहुधा रुग्णावरच येतो. शस्त्रक्रियेपूर्वी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे आणि बिलात लेन्सचे नाव, नंबर व अनुक्रमांक असलेले स्टिकर लावून घ्यावे. ज्यांच्या कॉर्नियात एक डायोप्टरपेक्षा कमी सिलिंडर आहे त्यांनी हा खर्च करण्याचे मला कारण दिसत नाही; छेदाची जागा विचारपूर्वक निवडून किंवा कॉर्नियाच्या काठावर छोटे छेद देऊन तेवढा दोष पुष्कळदा हाताळता येतो. काचबिंदू किंवा दृष्टिपटलाचा गंभीर आजार असेल, अथवा भिंग धरून ठेवणारे तंतू कमकुवत असतील, तर आधी त्याचा विचार व्हावा. ज्यांना चष्म्याचा त्रास वाटत नाही त्यांच्यासाठी साधी लेन्स आणि सिलिंडरची काच हाही पूर्णपणे सन्मानाचा मार्ग आहे, आणि धर्मादाय रुग्णालयांत व शिबिरांत तो असंख्य लोकांना दृष्टी देतो. माझा आग्रह एवढाच आहे, की कॉर्नियाचा आकडा प्रत्येक रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितला जावा, मग तो कोणतीही लेन्स निवडो. त्याला खर्च शून्य आहे.

उजव्या डोळ्याचे आता काय, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला. पिशवीत घट्ट बसलेली जुनी लेन्स काढून नवी घालणे त्यांना योग्य वाटले नाही. कॉर्नियावर लेसर करणे किंवा जुन्या लेन्सच्या पुढे दुसरी पातळ टोरिक लेन्स बसवणे असे पर्याय त्यांनी समजावून सांगितले, आणि दोन्हींमधली जोखीमही लपवली नाही. तूर्त त्या डोळ्यासाठी सिलिंडरची काच ठेवायचे आम्ही ठरवले आहे. कामाच्या चष्म्यात डावीकडे अडीचची साधी काच आहे आणि उजवीकडे सिलिंडरसह घासलेली, आणि दोन्ही डोळे मिळून रोजचे मुद्रित वाचण्यात अडचण येत नाही.